बुधवारचा निरंक अहवाल

टेबलावर टाकायला एखादं बरं कापड आहे का, असं कॅप्टन रणदिव्यांनी विचारलं तेव्हा चार वाजायला वीस मिनिटं होती आणि तपासणीला आलेले साहेब धावपट्टी पावलांनी मोजत होते. मी हँगरच्या मागच्या खोलीत गेले. मुल्लाचाचांच्या सायकलीच्या हँडलला एक लाल कापड गुंडाळलेलं दिसलं. ते काढलं, झटकलं आणि टेबलावर घातलं. एका कडेला काठी घालायची शिवण होती, ती आतल्या बाजूला दुमडली. वर माझा बांधीव अहवाल, शेजारी कपबश्या, बिस्किटं. टेबल कसं रुखवतासारखं दिसायला लागलं. ते कापड सायकलीला कशाला गुंडाळलं होतं, हे काही मी कुणाला विचारलं नाही. त्या दिवसांत मी कुणालाच काही विचारत नसे, कारण मला सगळं माहीत होतं.

सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. उंबरडोहच्या माळावर विमान चालवायला शिकवणारी एक शाळा होती. शाळा म्हणजे तीन छोटी विमानं, एक पत्र्याचा हँगर, पूर्व-पश्चिम धावपट्टी आणि कॅप्टन रणदिवे. विमान बिघडलं तर बिघडेल, पण कॅप्टनसाहेबांचा आवाज कधी बिघडत नसे. वरून हुकूम आला होता की प्रत्येक शाळेनं आपले जुने अपघात नीट मांडावेत, धोका कुठं, कधी आणि कशानं होतो ते शोधावं आणि त्याप्रमाणे कामाची पद्धत बदलावी. त्यासाठी तीन महिन्यांच्या बोलीवर मला घेतलेलं. बावीस वर्षांच्या नोंदवह्या कॉम्प्युटरात घालायच्या आणि अहवाल लिहायचा. अहवाल तपासणीत पास झाला तर नोकरी कायम, नाही तर सोलापूरची गाडी.

सोलापूरला जायला मला तोंड नव्हतं. संख्याशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाल्याबरोबर बँकेतली नेमणूक चालून आली होती, ती मी लाथाडली होती. अप्पांनी बोलणं टाकलं. माझे अप्पा सरकारी कचेरीतले वरिष्ठ लिपिक. आमच्या घरात वाण्याच्या यादीवरसुद्धा ते 'पाहिले' असा शेरा मारून सही करत. आई पत्रात लिहायची, तुझं पत्र आलं, अप्पांनी त्यावर 'पाहिले' लिहून फायलीला लावलं. आता मी नोकरी कायम करून दाखवली तरच ते बोलणार होते. त्यामुळे या अहवालावर माझं किती काय टांगलेलं होतं, ते तुमच्या लक्षात येईल.

नोंदवह्या मुल्लाचाचांनी लिहिलेल्या. चाचा हँगरचे मुकादम. जुनी सातवी पास, बोलणं मिरजेकडचं, पण अक्षर मोत्यासारखं. वहीत रकाने सहाच: तारीख, वार, वेळ, ठिकाण, नुकसान आणि शेरा. चौसष्ट नोंदी सरळ होत्या. चाक फुटलं, पंख हँगरच्या दाराला घासला, एकदा पंख्याचं पातं वाकलं. त्या मी पटापट घातल्या. अडचण होती ती उरलेल्या एकोणतीस नोंदींची. त्या सगळ्या एका छापाच्या. वार बुधवार. वेळ चार ते पाच. ठिकाण पूर्व टोक. नुकसान निरंक. आणि शेऱ्यात दोनच शब्द, 'थोडक्यात वाचले'.

दुसरी कुणी असती तर अडली असती. मी कचेरीतल्या माणसाची मुलगी, मी कशी अडेन? निरंक अहवाल काय असतो हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. काही घडलं नसलं तरी 'काही घडले नाही' असं कळवावं लागतं, त्याला निरंक म्हणतात. तेव्हा दर बुधवारी पूर्व टोकाचा निरंक अहवाल जात असणार आणि साहेब तो वाचून शेरा मारत असणार, हे उघड होतं. साहेब लोक पूर्ण कधी वाचत नाहीत, थोडक्यात वाचतात, तेही उघड होतं. उलट मला रागच आला, की बावीस वर्षांत अकराशेच्या वर बुधवार झाले आणि अहवाल गेले फक्त एकोणतीस. शिस्त म्हणून नाही या लोकांना.

चाचा शेजारच्या खोलीत बसलेले असत. चार पावलं चालून विचारायचं होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, ते काही उगीच नाही.

माझ्या अहवालात बरीच कलमं होती, त्यातली तीन सांगते. एक, पूर्व टोक, बुधवार, चार ते पाच, ही या धावपट्टीवरची सर्वांत सुरक्षित जागा आणि वेळ असून एकदाही नुकसान झालेलं नाही, सबब नवशिक्यांची पहिली एकट्यानं करायची उड्डाणं त्याच वेळी ठेवावीत. दोन, वरिष्ठांनी निरंक अहवाल थोडक्यात न वाचता पूर्ण वाचावेत. तीन, मुकादम मुल्ला दर बुधवारी चार ते पाच कामाच्या जागी नसतात, तरी त्यांना समज द्यावी.

दुसरं कलम वाचताना कॅप्टनसाहेबांचा चेहरा पडला. मला वाटलं आता गडगडाट होणार. पण ते घसा खाकरून हळूच म्हणाले, "बरोबर आहे बाई. वाचायला हवं होतं पूर्ण." फार नंतर कळलं की त्यांनी त्या वह्या बावीस वर्षांत कधी उघडल्याच नव्हत्या. थोडक्यात तरी वाचल्याची नोंद आहे, हे पाहून बिचाऱ्यांना उलट हायसंच वाटलं होतं.

तिसऱ्या कलमावरून त्यांनी चाचांना बोलावलं आणि बुधवारी बाजारात भाजी आणायला जाणं बंद, असं सांगितलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे पाहिलं. तेवढंच विचारलं, "कागदावर आलंय का तसं?" आलंय, मी म्हटलं. मग ठीक, म्हणाले आणि गेले.

आणि आता तो बुधवार. तपासणीचे साहेब होते अंबुलकर नावाचे. किडकिडीत, पित्ताचा त्रास असलेले, चहाला नको म्हणून नुसतं कोमट पाणी पिणारे. सगळं आजच्या आज दाखवायचं म्हणून कॅप्टनसाहेबांनी मोठा घाट घातला होता. माझ्या अहवालाबरहुकूम, बुधवारी बरोबर चार वाजता, पूर्व टोकावरून उतरायचं, असं एक पहिलं एकट्याचं उड्डाण. आकड्यांप्रमाणे काम चालतं आमचं, हे साहेबांना डोळ्यांनी दिसावं. एकटा उडणार होता विश्वंभर चौगुले, एकोणीस वर्षांचा, घरच्या दुधाच्या धंद्यात वाढलेला. इतका भित्रा की कॅप्टन शेजारी असले की विमानापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघायचा.

चारला पाच कमी असताना विमान वर गेलं, छान गेलं. एक फेरी मारून सहा-सात मिनिटांत ते पूर्वेकडून उतरणार. आम्ही हँगरच्या दारात टेबलाशी बसलो. टेबलावर रेडिओचा खोका, त्यातून खरखर. चाचा चहा ओतत होते. ते सारखे पूर्वेकडे बघत होते. अंबुलकर साहेबांनी अहवाल उघडला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. एकेक ओळ, बोट ठेवून. असला माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

मी मागं जोडलेल्या नोंदवहीच्या पानाच्या झेरॉक्सवर बोट थांबलं.

"हे 'थोडक्यात वाचले' म्हणजे कोणी वाचले?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की ते वरिष्ठांनी वाचले. निरंक अहवालावरचा शेरा आहे. कॅप्टनसाहेब छताकडे पाहायला लागले.

"अक्षर तर एकच दिसतंय. नोंद लिहिणाऱ्याचं आणि शेरा मारणाऱ्याचं."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. चहाची किटली मध्येच थांबली. चाचा माझ्याकडे बघत होते, अगदी लहान मुलाकडे बघावं तसे.

"आवो बाई, शेरा माझाच हाय. मी कुठला सायेब वाचायला? वाचलं म्हंजे जीव वाचला. थोडक्यात वाचला."

"कुणाचा?"

"ज्याचा त्याचा. बुधवार म्हंजे उंबरडोहचा बाजार न्हवं का? चारला मोडतो. समदी मान्सं पूर्वेच्या टोकावरनं धावपट्टी आडवी मारत्यात. आन् तिकडनं उतरणाऱ्याच्या डोळ्यात त्या वक्ताला ऊन. त्याला काय दिसत न्हाई."

मी कसंबसं विचारलं, की मग नुकसान निरंक कसं?

"काय मोडलंच न्हाई, तर नुकसान काय लिवू?"

बुधवारी चार ते पाच चाचा कुठं जायचे ते विचारायची आता गरज नव्हती, तरी अंबुलकरांनी विचारलं. चाचा म्हणाले, झेंडा घेऊन पूर्व टोकाला, मान्सं अडवायला. कुणी सांगितलं नव्हतं, आपलं आपणच. आणि आज का नाही गेलात? तर म्हणाले, "बाईंच्या कागदावर बंद करा म्हून आलं. मला वाटलं, कॉम्प्युटरनं काय तरी दुसरा बंदोबस्त केला आसंल."

कॅप्टनसाहेबांनी झडप घालून रेडिओ धरला आणि विश्वंभरला ओरडून सांगितलं की उतरू नकोस, वरच राहा. पण खोक्यातून उत्तर आलं ते असं: "हां, हळू, हळू गं माझे बाय. भिऊ नको. रणदिव्या खाली हाय, वर न्हाई. वर आपणच कॅप्टन." पोरगं बोलायचं बटन घट्ट दाबून बसलं होतं. ते बटन दाबलेलं असलं की बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं आणि आपल्याला कुणाचं काही ऐकू येत नाही. घरच्या म्हशीला चुचकारावं तसं ते विमानाला चुचकारत होतं आणि मधूनमधून कॅप्टनसाहेबांची कुळी उद्धरत होतं. एरवी मी हसून लोळले असते.

"झेंडा!" चाचा म्हणाले आणि सायकलीकडे धावले. हँडल रिकामं. "माझा झेंडा कुटं हाय?"

मी टेबलाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी ते लाल कापड ओढलं. कपबश्या, बिस्किटं, किटली, माझा बांधीव अहवाल, सगळं अंबुलकर साहेबांच्या मांडीवर. त्यांनी नुसते पाय वर घेतले. मी साडीचा पदर खोचला आणि चाचांच्या मागं कॅरिअरवर बसले.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, वर माझं वजन, खाली माळाचे खडे. चाचांचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि तरी ते मला सांगत होते की टोकाशी गेल्यावर मी माणसं बघतो, तुम्ही झेंडा घ्या, मधोमध उभ्या राहा आणि हलवत राहा. पूर्वेकडे विमान वळलेलं दिसत होतं. आणि टोकाशी बाजार परतत होता. बारा-तेरा शेळ्या घेतलेला एक म्हातारा, नव्या पत्र्याची ट्रंक डोक्यावर आणि पोर कडेवर घेतलेली एक बाई, सायकलीला कोंबड्या उलट्या टांगलेला एकजण. सगळे निवांत. ट्रंकवाली तर धावपट्टीच्या मध्यावर थांबून चप्पल नीट करत होती.

चाचांनी सायकल तशीच फेकली आणि शेळ्यांत घुसले. शेळ्या काय सरळ पळतात होय? चार इकडे, आठ तिकडे, म्हातारा चाचांना शिव्या देतोय, चाचा त्याला देतायत. मी मधोमध गेले. काठी नव्हतीच, म्हणून कापडाची दोन टोकं हातात धरली आणि डोक्यावर फडकवायला लागले. त्यावर चहाचा मोठा डाग होता. समोरून विमान खाली खाली येत होतं आणि माझ्या पाठीमागं सूर्य होता. तेव्हा मला कळलं की मला ते दिसतंय, पण त्याला मी दिसत नाहीये.

खरं सांगते, मला पळून जावंसं वाटलं. पाय जागचे हलले नाहीत म्हणून मी उभी राहिले, त्यात शौर्य वगैरे काही नाही. ट्रंकवालीनं मागं बघितलं, मी किंचाळले, तिनं ट्रंक टाकून दिली आणि पोरासकट पळाली. रिकामी ट्रंक दाणकन आपटली, तिचं झाकण उघडलं आणि नव्याकोऱ्या पत्र्यावर ऊन लख्ख चमकलं. ती चमक विश्वंभरच्या डोळ्यांत गेली. ट्रंकेपाठोपाठ त्याला लाल काहीतरी हलताना दिसलं, असं त्यानं नंतर सांगितलं. इंजिनाचा आवाज एकदम वाढला. विमान माझ्या डोक्यावरून इतक्या खालून गेलं की हातातलं कापड निसटलं आणि मी बदकन खाली बसले.

ते दुसऱ्या फेरीला नीट उतरलं. खाली आल्यावर विश्वंभरनं पहिलं काय केलं, तर कॅप्टनसाहेबांना वाकून नमस्कार. साहेबांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच मिठी मारली. म्हणाले, वर तूच कॅप्टन, मान्य, पण बटनावरचा अंगठा काढत जा.

मी अंबुलकर साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. पँट चहानं भिजलेली, मांडीवर माझा अहवाल. मी सांगितलं की चूक सगळी माझी, चाचांची मुळीच नाही, आणि मी उद्याच्या गाडीनं जाते. ते म्हणाले, "जुने अपघात सगळेच मांडतात हो. जे झाले नाहीत, ते मांडणारा इथं एक माणूस होता. त्याच्या नोंदी तुम्ही निरंक समजलात." हे ऐकून मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. नंतर सांगितलं की गाडीबिडी राहू दे, तीन महिने आणखी घ्या, मुल्लांच्या शेजारी बसा आणि त्या एकोणतीस नोंदी त्यांच्या तोंडून ऐकून पुन्हा लिहा. कायम करायचं की नाही, ते मग बघू.

दुसऱ्या दिवशी मी वहीत पट्टीनं एक नवा रकाना आखला. त्याला नाव काय द्यावं सुचेना. चाचा म्हणाले, सोपं हाय, 'काय होता होता राहिलं' आसं लिवा. तसंच लिहिलं. आणि चाचा सांगायला लागले. एकोणतीसच्या एकोणतीस त्यांच्या ध्यानात. एक्याऐंशी साल, लोहाराची सून, दिवस भरलेले, मुलगा झाला, आता कॉलेजात आहे. चौऱ्याऐंशी, शिंपी आणि त्याचं मशीन. अठ्ठ्याऐंशी, दोन जुळ्या बहिणी, एकीचं नाव विसरलो, असं म्हणून त्यांना इतकं वाईट वाटलं की आम्ही पुढच्या बाजारात जाऊन ते नाव विचारून आलो. माझ्या कॉम्प्युटरात त्या सगळ्यांच्या जागी शून्य होतं.

त्या तीन महिन्यांत पूर्व टोकाला कुंपण झालं, बाजारच्या लोकांना वळणाचा रस्ता झाला, आणि बुधवारी चार ते पाच उतरणं बंद झालं. चाचांच्या झेंड्याला हुकूम मिळाला, तोही लेखी. ते हसून म्हणाले, आता काम राहिलं नाही तेव्हा हुकूम आला.

शेवटी त्या बुधवारची नोंद राहिली होती. तिसावी. मी लिहायला बसले, चाचा सांगत होते. चौगुल्यांचा पोरगा. हो. बारा शेळ्या. तेरा, मी म्हटलं. म्हातारा. कोंबड्यावाला. ट्रंकवाली आणि तिचं पोर. मी पेनाला टोपण लावलं.

"आन् एक ऱ्हायलं की," चाचा म्हणाले.

"कोण?"

"लाल कापड घेऊन मधोमध हुबी व्हती ती. तिला कशाला सोडताय?"

इतके दिवस रोज ती नोंद मनात घोळवत होते, पण त्या यादीत मी स्वतःला मोजलंच नव्हतं. टोपण काढलं. शेवटी लिहिलं, वैजयंती उपासे, सोलापूर. नुकसान, कपबश्या चार. मग शेऱ्याच्या रकान्याशी आले. चाचांनी बावीस वर्षं लिहिलेले दोन शब्द तसेच्या तसे लिहिले. थोडक्यात वाचले.